पऱ्हाटीची उंची कोणी ठरवायची?

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही कृषी केंद्राच्या ओट्यावर थोडा वेळ बसलं, की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. 'पऱ्हाटी लयच माजली, काही द्या' हे एक, आणि 'पात्या गळून राह्यल्या, काही द्या' हे दुसरं. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, पात्या म्हणजे तिच्या फुलकळ्या. पहिल्याला वाढ रोखणारी बाटली मिळते, दुसऱ्याला वाढ देणारी. पुष्कळदा दोन्ही वाक्यं एकाच शेतकऱ्याची असतात आणि दोन्ही बाटल्या एकाच पंपात जातात. झाडाच्या आत जाऊन ही औषधं नेमकं काय अडवतात किंवा काय वाढवतात, हे विचारायला हंगामात कोणाला फुरसत नसते. हा प्रश्न विचारलाच पाहिजे असं मला वाटतं, कारण कोरडवाहू कापसात अशा बाटलीवर गेलेला पैसा पिकाशिवाय दुसऱ्या वाटेनं परत मिळत नाही.

त्यासाठी दोन भूमिका इथे समोरासमोर बसवल्या आहेत. मामा राळेगाव पट्ट्यात कापूस, तूर आणि सोयाबीन करतो. भाची कृषी महाविद्यालयात वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दोघंही कल्पनेतले आहेत; त्यांचे मुद्दे मात्र या जिल्ह्यात रोज बोलले जातात.

मामा : पाह्यलं ना वावर? कमरेच्या वर गेली पऱ्हाटी, अन् शेंडा थांबायचं नाव घेत नाही. वर नुसता पाला. मी उद्या वाढ थांबवायचं औषध मारतो. तू मंग पुस्तक काढून बसू नको.

भाची : मारू नका असं मी म्हणत नाही, मामा. ते झाडात जाऊन काय करतं असं तुम्हाला वाटतं, एवढंच विचारते.

मामा : वाढ मारते. दुसरं काय करीन?

भाची : ते थेट वाढीला हात लावत नाही. झाडाची पेरं लांब करणारं संप्रेरक म्हणजे जिबरेलिन. ते झाड एका फटक्यात बनवत नाही. पेशीतल्या लवकांमध्ये वीस कार्बनचा एक लांबट रेणू असतो. पहिलं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला वळवतं, दुसरं त्याच्या कड्या पूर्ण करतं, मग पुढची विकरं त्यावर एकेक प्राणवायू बसवत, छाटत जातात आणि अगदी शेवटच्या पायरीवर कामाचं जिबरेलिन तयार होतं. तुम्ही आणलेलं मेपिक्वाट क्लोराइड पहिल्या विकराला अडवतं. क्लोरमेक्वाटही तिथंच अडवतं.

मामा : म्हंजे वाढीचं मूळच बंद केलं. मी वेगळं काय म्हणलं?

भाची : फरक इथं पडतो. आधी तयार झालेलं जिबरेलिन ते औषध नष्ट करत नाही. लांबलेलं पेर परत आखूड होत नाही. फवारणीनंतर जी पेरं येतील तीच आखूड राहतील. म्हणून झाड कमरेवर गेल्यावर नुसत्या उंचीकडे पाहून मारण्यात अर्थ नाही. शेंड्यापासून मोजत चौथ्या-पाचव्या पेराजवळ या आणि तिथलं अंतर बोटांनी मोजा. तिथली पेरं लांब येत असतील तर झाड अजून धावतंय, औषधाला काम आहे. तीच आखूड झाली असतील, तर झाडानं स्वतःच हात आवरलाय. त्यावर पावसाचा खंड पडणार असेल तर औषध मारून तुम्ही दमलेल्या झाडाला आणखी दाबाल.

मामा : आमच्या दुकानदारानं हे कधी सांगतलं नाही. तो म्हणते, पात्या लागल्या की पहिला फवारा, पंधरा दिवसांनी दुसरा.

भाची : तारखेवर मारायला सांगणं सोपं आहे. झाडातली पातळी तारखेवर चालत नाही.

पुढचं बोलणं 'पातळी' या एका गोष्टीवर बराच वेळ रेंगाळतं, आणि ते रेंगाळू द्यावं असं मला वाटतं. संप्रेरक म्हणजे झाडात ओतायचा पदार्थ, जास्त ओतलं तर जास्त परिणाम, ही समजूत सगळ्या टॉनिकांच्या विक्रीच्या मुळाशी आहे.

भाची : बेंबळा धरणाची पातळी कशावर ठरते? वरून किती येतं त्यावर, आणि दरवाजातून किती सोडतात त्यावर. झाडात दोन्हीकडं विकरं बसलेली आहेत. जिबरेलिन बनवणारी आहेत, तशीच त्याला निकामी करणारीही आहेत. त्या रेणूच्या दोन क्रमांकाच्या कार्बनवर एक जोड बसवला की जिबरेलिन मुकं होतं. हे काम करणाऱ्या विकराला जिबरेलिन-2-ऑक्सिडेज म्हणतात. पातळी वाढली की झाड हे मोडणारं विकर जास्त बनवतं. पातळी उतरली की शेवटच्या पायऱ्यांवरची घडवणारी विकरं वाढवतं.

मामा : म्हंजे मी दाबलं की ते उसळते.

भाची : उसळायचा प्रयत्न करतं. मेपिक्वाट सुरुवातीलाच आडवं बसल्यामुळं शेवटच्या विकरांना फारसा कच्चा माल मिळत नाही, म्हणून औषध चालतं. त्याचा जोर ओसरला आणि पाऊस-नत्र दोन्ही मुबलक असलं, की पेरं परत लांबतात. अशा वेळी तुम्ही म्हणता औषध भेसळीचं होतं. काही वेळा असेलही. पण काही वेळा ते झाडाचं उत्तर असतं.

मामा : बरं, हे मानलं. आता माझं ऐक. मी एकाच पंपात वाढ थांबवायचं औषध, किड्याचं औषध अन् टॉनिक टाकतो. तीनदा पाठीवर पंप घ्यायले मजूर कोठून आणू?

भाची : टॉनिकच्या बाटलीवर काय लिहिलंय?

मामा : फुलं वाढते, पात्या टिकते, पाला हिरवागार. अन् बारीक अक्षरात जिबरेलिक आम्ल.

भाची : मग तुम्ही एकाच पंपातून एकमेकांच्या विरुद्ध दोन गोष्टी मारल्या. मेपिक्वाटनं कारखान्याचं पहिलं दार बंद केलं, आणि टॉनिकनं तयार माल दाराच्या पलीकडं आणून ठेवला. पहिली पायरी अडवून तो माल थांबत नाही. आणि बाटलीतलं जिबरेलिन झाडाच्या जिबरेलिनसारखं नसतं. ते बुरशीपासून बनवतात. भाताची रोपं उंच, फिकट वाढून आडवी पाडणारा एक बुरशीजन्य रोग आहे. 1926 मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं दाखवलं, की त्या बुरशीनं सोडलेल्या पदार्थामुळंच रोपं लांबतात. 1935 मध्ये याबुतांनी त्या पदार्थाला जिबरेलिन नाव दिलं. बुरशीच्या या जिबरेलिनमध्ये नेमक्या त्या दुसऱ्या कार्बनपाशी दुहेरी बंध असतो. झाडाच्या मोडणाऱ्या विकराला पकडायला तिथं जागाच राहत नाही. स्वतःचं जिबरेलिन झाड निकामी करू शकतं, तुमच्या बाटलीतलं सहजासहजी करू शकत नाही.

मामा : मंग पऱ्हाटी माजली ते पावसानं, का माझ्या पंपानं?

भाची : दोन्हींनी. किती कशानं, ते तुमच्या वावरात एक तुकडा सोडल्याशिवाय मी सांगणार नाही.

मामा थोडा वेळ गप्प बसतो आणि मग जो मुद्दा काढतो, तो मला या संवादातला सगळ्यात वजनदार मुद्दा वाटतो.

मामा : तुमच्या कॉलेजात 2017 ची गोष्ट शिकवतात का? त्या खरिपात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली. शेकडो लोक दवाखान्यात. वावरात पऱ्हाटी डोक्याएवढी, कोठी कोठी त्याच्यावर. माणूस नळी वर धरून मारते अन् सारं औषध त्याच्याच तोंडावर, छातीवर येते. तोंडाले साधं फडकं. तवापासून मी ठरवलं, माझ्या वावरात पऱ्हाटी छातीवर जाऊ द्यायची नाही. तुझं विकर काय म्हणते ते म्हणो. पीक कमी आलं तरी चालीन. बाया वेचायले जातात तवाबी त्यांचे हात पोचले पाह्यजेत.

भाची : यावर मी वाद घालणार नाही, मामा.

मामा : घाल ना. नाहीतर तू म्हणशील झाडाचं ऐका, अन् माणसाचं कोण ऐकीन?

भाची : माणसाचं ऐकायचं म्हणूनच तर अंदाजानं मारू नका म्हणते. उंची आवरायची असेल तर पात्या लागायच्या काळात पेरं मोजत, कमी मात्रेत, वेळेवर मारा. डोक्याएवढी झाल्यावर मारलं तर उंची कमी होणार नाही, आणि फवारणाऱ्याला त्याच उंच पिकात आणखी एकदा शिरावं लागेल.

इथे मी पूर्णपणे मामाच्या बाजूनं आहे. झाडाच्या उंचीचा हिशेब रुईच्या उताऱ्यात मांडतात. तो फवारणाऱ्याच्या श्वासातही मांडायला हवा. दाट लागवडीबरोबर वाढरोधक वापरण्याची जी शिफारस नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था करते, तिच्यामागे झाडं आटोपशीर ठेवून बोंडं लवकर आणि एकदम फुटावीत हा विचार आहे. मात्र आटोपशीर झाडाचा पहिला फायदा पाठीवर पंप घेणाऱ्याला मिळतो, हे प्रशिक्षणात ठणकावून सांगितलं गेलं पाहिजे.

मामा : एवढं सारं करण्यापेक्षा बियाणंच बुटकं कायले नाही देत?

भाची : भातात दिलं ना. 1966 मध्ये आयआर-8 आलं. बुटकं, न लोळणारं. त्याच्या बुटकेपणाचं कारण 2002 मध्ये उलगडलं : जिबरेलिन घडवणारं एक विकर त्यात मोडकं आहे. जगभर लाखो एकर भात एका मोडक्या विकरावर उभा राहिला. कापसातही आटोपशीर वाण आहेत. नागपूरचं सूरज आहे, आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही-081 आहे. दाट लागवडीच्या प्रयोगांत दोन्ही वापरली गेली. पण तुम्ही पाकीट घेता ते पसरणाऱ्या संकराचं.

मामा : दुकानात जे राह्यते ते घेतो. बरं, उंचीचं झालं. पात्यांचं सांग. त्यांच्यासाठी मी ते अल्फा नॅप्थिलवालं घेतो. प्लॅनोफिक्स. त्याले तर तू नाव ठेवू शकत नाही, विद्यापीठाच्या पुस्तकात लिहिलेलं हाय.

भाची : ठेवत नाही. पण पाती का गळते ते आधी पाहू. पातीच्या देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा असतो. पाती जोमात असली की तिच्याकडून ऑक्झिन नावाचं संप्रेरक देठातून खाली वाहत राहतं. ते वाहतंय तोवर त्या पडद्यावर इथिलीनचा, म्हणजे गळ घडवणाऱ्या वायुरूप संप्रेरकाचा, परिणाम होत नाही. प्रवाह मंदावला की पडदा जागा होतो. मग त्याच पेशी पेशीभित्ती विरघळवणारी विकरं सोडतात, आणि पाती गळते. चांगल्या वर्षीही कपाशी आपल्या निम्म्याहून जास्त पात्या-बोंडं टाकते. पोसता येणार नाही तेवढं ती ठेवत नाही.

मामा : मले हेच पटत नाही. निम्म्या पात्या फेकणं कोणतं शहाणपण हाय?

भाची : आभाळ आठवडाभर भरलेलं असताना तुम्ही झाडाला सगळ्या पात्या धरायला लावल्या, तर ते बोंडं लहान ठेवील. मुळात साखरच कमी बनतेय.

मामा : आभाळ भरलं की साखर कमी. ते समजलं. पण ज्या पात्या नुसत्या घाबरून पडतात, दोन दिवसांच्या उन्हानं का पाण्यानं, त्या तर वाचतीन?

भाची : त्या वाचू शकतात. तुमचं औषध ऑक्झिनसारखंच वागतं. पण झाडात ऑक्झिनलाही मोडणारी विकरं आहेत. त्यांतलं एक घराणं पहिल्यांदा सापडलं ते आपल्या सोयाबीनमध्ये, 1984 साली. ऑक्झिन दिलं की काही मिनिटांत ते जनुक जागं व्हायचं. त्याचं नाव जीएच-3. ते नेमकं काय करतं हे कळायला 2005 उजाडलं. ते मोकळ्या ऑक्झिनला पकडून अमिनो आम्लाला बांधून टाकतं. बांधलेलं ऑक्झिन काम करत नाही. ऑक्झिन वाढलं की ऑक्झिनला बांधणारं विकर वाढतं. झाडानं स्वतःला घातलेला लगाम आहे तो.

मामा : मंग माझं औषध मिनिटात बांधून टाकीन.

भाची : झाडाचं स्वतःचं ऑक्झिन फवारलं असतं तर लवकर बांधलं गेलं असतं. तुमचं औषध कारखान्यात बनलेलं, थोड्या वेगळ्या बांधणीचं आहे. ते विकराच्या हाती तितक्या पटकन लागत नाही, म्हणून टिकतं आणि उपयोगी पडतं. पण टिकतं म्हणूनच त्याची मात्रा जपायला हवी. ऑक्झिन फार वाढलं, की इथिलीन बनवणारं मुख्य विकर झाडात वाढतं. पाती टिकावी म्हणून दुप्पट मारलेलं औषध पाती गाळायला मदत करतं.

मामा : हे खरं का? आमच्याकडं सारेच म्हणतात, थोडं जास्तच टाक, फरक दिसला पाह्यजे.

भाची : फरक दिसतो. तो खाली पडलेला दिसतो.

कपाशीच्या पातेगळीला विज्ञानाच्या इतिहासात मोठं स्थान आहे, आणि कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात ते फारसं कोणाला माहीत नाही याची खंत वाटते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञ ॲडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कपाशीच्या कोवळ्या बोंडांपासून गळ घडवणारा एक पदार्थ वेगळा केला आणि 1963 मध्ये जाहीर केला. पुढे त्याला ॲब्सिसिक आम्ल हे नाव मिळालं. गळीमध्ये मुख्य हात इथिलीनचा असतो, आणि हे आम्ल पाण्याच्या ताणात पानांची छिद्रं मिटवण्याचं काम करतं, हे नंतर कळलं. पाऊस ताणतो तेव्हा ते घडवणारं विकर वाढतं. पाऊस आला की ते मोडणारं विकर वाढतं आणि छिद्रं उघडतात. कोरडवाहू शेतातलं झाड पावसाच्या खंडात याच्याच आधारावर तग धरतं.

मामा : एक मात्र तू मान्य करशील. दरवर्षी खंडानंतर जोराचा पाऊस झाला की काळ्या वावरातली बोंडांनी लदलेली झाडं उभ्या उभ्या मान टाकतात. काल हिरवी, आज सुकलेली. तवा औषधाशिवाय गती नाही.

भाची : आकस्मिक मर. ते मी सगळ्यात आधी मान्य करते, आणि तिथं विकराचं गणित जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडं दिसत नाही. इथिलीन बनवायला झाड मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून सुरुवात करतं. त्यातून एसीसी नावाचा पदार्थ बनतो, आणि एसीसीचं इथिलीन करायला शेवटचं विकर लागतं. त्या शेवटच्या विकराला प्राणवायू हवा असतो. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळांचा प्राणवायू संपतो. मुळांत एसीसी साचत जातं, इथिलीन होत नाही. मग ते एसीसी रसाबरोबर वर चढतं, पानांत पोचतं. तिथं हवा भरपूर. तिथं त्याचं इथिलीन होतं आणि झाड वरून कोसळतं. एसीसीचा मुळांतून पानांपर्यंतचा हा प्रवास टोमॅटोवर ब्रॅडफर्ड आणि यांग यांनी 1980 मध्ये दाखवला.

मामा : म्हंजे दुखणं मुळात अन् रडणं पानात.

भाची : हो. आणि कोबाल्ट त्या शेवटच्या विकरालाच अडवतं. म्हणून झाडानं मान टाकल्याबरोबर, काही तासांत, कोबाल्ट क्लोराइड फवारायची शिफारस आहे. दहा लिटर पाण्यात 100 मिलिग्रॅम, म्हणजे अगदी चिमूट. त्याच्याआधी चर काढून पाणी वावराबाहेर काढायचं, खोडाजवळची माती पायानं दाबायची.

मामा : ते कोबाल्ट कोठी मिळते? आम्ही युरिया अन् कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी करतो.

भाची : तालुक्याच्या दुकानात ते ठेवत नाहीत ही खरी अडचण आहे. जे औषध एका नेमक्या विकरावर, नेमक्या वेळी काम करतं ते मिळत नाही, आणि ज्याच्या बाटलीवर काय आहे ते कळत नाही अशी पन्नास टॉनिकं कपाटात रांगेनं उभी.

मामा : रांग मोठी हाय कारण विकते. विकते कारण शेतकरी घाबरलेला राह्यते. तू पगारावर हाय, पोरी. मी पावसावर हावो. कर्ज काढून पेरलं, त्यात एक पंधरवडा हुकला तर वर्ष गेलं. तवा तीनशे रुपयांची बाटली मले महाग नाही वाटत. मनाले आधार वाटते.

भाचीजवळ याला उत्तर नाही, आणि मी तिला ते देऊही पाहत नाही. मनाच्या आधाराला पैसे मोजावे लागतात ही त्या शेतकऱ्याची चूक नव्हे. पण बाटलीत काय आहे हे लिहिलेलं असणं त्याचा हक्क आहे. 2021 मध्ये केंद्र सरकारनं जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणली. वाढ नियंत्रकांची नोंदणी त्याआधीपासून कीटकनाशक कायद्याखाली होते. कागद आहेत. लेबलावरचा घटक, त्याचं प्रमाण आणि नोंदणी क्रमांक वाचून मगच बाटली घ्यायची सवय गावाच्या पातळीवर लागायला हवी. दुकानदारालाही ते विचारलं जावं.

भाची : तुम्ही शेंडे खुडत होता ना पूर्वी?

मामा : तुरीचे आताही खुडतो. पऱ्हाटीचे दादा लाड पद्धतीवाले खुडतात. गळफांद्या कापा अन् शेंडा मारा. चांगलं हाय, पण मजुरी?

भाची : शेंड्यातून खाली वाहणारं ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, हे जुनं ज्ञान. पण कसं दाबतं, तेही विकरावर येऊन थांबतं. 2006 मध्ये जपानी संशोधकांनी वाटाण्याचा शेंडा काढून पाहिलं. ऑक्झिन असेपर्यंत खोडात सायटोकायनिन हे डोळे फुटायला लावणारं संप्रेरक बनवणारं विकर दाबलेलं असतं. शेंडा गेला की ते पेरापाशी जागं होतं, तिथंच सायटोकायनिन बनतं, डोळा फुटतो. तुमच्या विळ्यानं तुरीच्या खोडात तेच काम केलं. बाहेरून काही न ओतता.

मामा : मंग सायटोकायनिन फवारलं तर विळा नको.

भाची : सायटोकायनिनला मोडणारं विकर फार तत्पर असतं. भातात 2005 मध्ये जपानमध्येच सापडलं, की ज्या वाणात हे मोडणारं विकर कमी आहे, त्याच्या लोंबीत दाणे जास्त भरतात. झाडात जास्तीचं काही घातलं नव्हतं. फक्त मोडणं कमी झालं होतं.

मामा : तू प्रत्येक वेळी तेच सांगून राह्यली. किती टाकलं याच्यापेक्षा किती मोडलं हे पाहा.

भाची : आणि कुठं, कधी, तेही. चीनमध्ये 2011 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑक्झिन बनवणाऱ्या एका जिवाणूच्या विकराचं जनुक त्यांनी कपाशीत घातलं, पण ते फक्त बीजांडाच्या वरच्या थरात, रुई सुटते त्याच पेशींत, तेवढ्याच दिवसांत जागं होईल अशी व्यवस्था केली. शेतातल्या चाचण्यांत रुई पंधरा टक्क्यांहून जास्त वाढली. तेच ऑक्झिन अख्ख्या झाडावर ओतून हे होत नाही.

मामा : ते बियाणं?

भाची : आपल्याकडं मिळत नाही. मिळालं तरी पहिली वर्षं मी त्याच्याकडं संशयानंच पाहीन. 2002 मध्ये बीटी आलं तेव्हा अळीचा प्रश्न मिटला म्हणाले होते. गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुम्ही पाहिलंत.

मामा : आता कशी माझ्या भाषेत बोलली! अन् ते पान बोटासारखं होते त्याचं सांगून टाक. शेजारच्या वावरात दोन ओळींतल्या पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी चिरलेली हायेत. ते म्हणतात बियाणं खराब.

भाची : पंप विचारा त्यांना. धुऱ्यावर 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप तसाच पऱ्हाटीत नेला असेल. तेही ऑक्झिनसारखंच वागतं, पण कपाशीच्या विकरांना ते नीट मोडता येत नाही. बाहेरच्या देशांत 2,4-डी सोसणारा कापूस केलाय, त्यात मातीतल्या एका जिवाणूचं विकर घातलंय जे त्याचे तुकडे करतं. आपल्या पऱ्हाटीत ते विकर नाही. पंपाच्या तळाशी राहिलेलं थोडंसं तिला पुरतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवायचा, धुऊन चालत नाही.

मामा : त्यांना मी सांगतो. बियाण्याच्या तक्रारीचा अर्ज लिहून राह्यले ते.

भाची : आता तुमच्या वावराचं. उद्या सगळीकडे मारू नका. चार-चार ओळींचे पट्टे धरा. काहींत फक्त मेपिक्वाट, टॉनिक नाही. काहींत दोन्ही, तुम्ही नेहमी करता तसं. काहींत शेंडा खुडा. काहींत काहीच नाही. प्रत्येक पट्ट्यात काही झाडांना सुतळी बांधा. पेरं मोजा, पात्या मोजा, वेच्याच्या वेळी कापूस वेगळा तोला.

मामा : काहीच नाही म्हंजे? ते पट्टे माझं नुकसान.

भाची : दोन पट्टे फक्त.

मामा : बरं. पण ते धुऱ्याकडचे घेऊ, तिथं जमीन हलकी हाय. पऱ्हाटी तिथं तशीही बुटकीच राह्यते.

भाची : म्हणूनच नको. तुम्ही हलक्या जमिनीतले द्याल, अन् नंतर म्हणाल बघ, औषधानं पीक वाढलं. पट्टे चिठ्ठ्या टाकून ठरवू.

मामा : वावर माझं अन् चिठ्ठ्या तू टाकणार?

भाची : चिठ्ठ्या मामी उचलेल. अन् टॉनिकची बाटली आत्ता आणून दाखवा, जिबरेलिक आम्ल किती टक्के लिहिलंय ते मला पाहायचंय.